वाक्यं पूर्ण करणारी मावशी

मावशीच्या तोंडी लागू नये, हे विद्यापीठात नव्यानं आलेल्या पोरांना स्वतःचा वर्ग सापडायच्या आधी कळायचं. मोठ्या कँटीनचं काउंटर तिच्या ताब्यात होतं. समोर रांग, पाठीमागं तवा आणि तव्यावरचा आचारी, उजव्या हाताला चहा-कॉफीचं यंत्र, आणि मधोमध उंच स्टुलावर मावशी. सख्खी ती कुणाचीच मावशी नव्हती. एक बहीण होती, तिला मूलबाळ नव्हतं आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता. पण सगळं विद्यापीठ तिला मावशी म्हणायचं आणि ती सगळ्या विद्यापीठाला मनाला येईल ते म्हणायची.

मनाला येईल ते म्हणजे अगदी तेच. ताडमाड उंच अशी एक मुलगी होती, ती ‘शिडी’. कानात यंत्र घालणारा तो ‘बटण’. एकीचा रंग काळा, म्हणून ती ‘डांबर’. पाय ओढत चालणारा ग्रंथालयातला कारकूनसुद्धा सुटला नव्हता, तो ‘दीडपाय’. “शिडी, कॉफी घे गं! डांबर, कालची बशी कुठाय?” असं ती बसल्या जागेवरून ओरडायची आणि रांग हसायची. जिला हाक मारली तीही हसायची. ती हसते म्हणजे तिला आवडतं, एवढं सरळ गणित. माझ्या मनात काही नसतं हो, असं मावशी म्हणायची. नसेलही. पण दगड भिरकावणाऱ्याच्या मनात काय होतं, हे कपाळाला खोक पडलेल्यानं कुठं जाऊन बघायचं?

आणि एक होता ‘हँडल’. गणित शिकणारा, बारीक, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा पोरगा. बोलताना तो अडखळायचा. पहिला शब्द ओठांशी येऊन अडायचा, मान एका बाजूला वळायची, डोळे मिटायचे, आणि मग शब्द कधी यायचा, कधी यायचाच नाही. पहिल्या दिवशी तो काउंटरपाशी आला आणि “म... म... मला...” इथंच थांबला. मागं रांग दारापर्यंत गेलेली. मावशी म्हणाली, “ऑम्लेट-पाव आणि चहा, असंच ना? घाल रे एक ऑम्लेट!” पोरगा काही म्हणायच्या आत ताटली त्याच्या हातात होती. दुसऱ्या दिवशी त्यानं नुसतं तोंड उघडलं तर मावशी म्हणाली, “नेहमीचं!” आणि ते त्या दिवसापासून नेहमीचं झालं. जुनं इंजिन हँडल मारल्याशिवाय सुरू होत नाही, तसा हा. म्हणून नाव हँडल, आणि हँडल मारणारी अर्थातच मावशी. या पोराची अडचण आपण ओळखली, चारचौघांत त्याची शोभा होऊ दिली नाही, याचं तिला फार कौतुक होतं. कौतुक म्हणजे स्वतःचं.

मावशी वाढली त्या घरात तोंडं फार आणि भाकरी थोडी. जो आधी बोलेल त्याच्या ताटात आधी पडायचं. ती मधली, त्यामुळे थोरल्याचा मान नाही आणि धाकटीचे लाड नाहीत. हात पुरायचा नाही तिथं तिनं जीभ पुढं करायची सवय लावून घेतली. लग्न झालं ते छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या माणसाशी. दिवसभर लोकांचे शब्द हाताळून दमायचा म्हणून की काय, घरी तो बोलायचाच नाही. बायकोनं दोघांच्या वाटचं बोलून घेतलं. मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एखाद्या शब्दाचं टोक कसंबसं बाहेर यायचं आणि उरलेला शब्द मावशी पुरा करायची. पाणी. उशी. खिडकी लाव. एकदा त्यानं डाव्या हातानं चहाचा कप भिंतीवर फेकून मारला होता. दुखण्यात असा चिडचिडेपणा असतोच, असं डॉक्टर म्हणाले. मावशीनं भिंत पुसली आणि नवा चहा केला.

तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा-सून लांबच्या शहरात. मुलाचा फोन यायचा, “हं आई. बरं आई. ठेवतो आई.” घरात बोलणारा उरला तो फ्रिज, आणि तोही मधूनच घरघरून गप्प व्हायचा. मावशी सकाळी सगळ्यांच्या आधी कँटीनला पोचायची आणि संध्याकाळी आचाऱ्यानं तवा धुवून उलटा घातला तरी स्टुलावरून उठायची नाही, ते काही कामावरच्या प्रेमानं नव्हे. दिवसभरात तिला जे काही बोलायला मिळायचं ते तिथं. घरी गेलं की संपलं.

अशात विद्यापीठातल्या पोरांनी ‘विविधता मंच’ काढला.

निळे टी-शर्ट, छातीवर ‘मी वेगळा, मग?’ असं छापलेलं. पुढारी कोण, तर शिडी. पोरं हौशी होती आणि हौसेला मोल नसतं. त्यांनी फाटकावरच्या पहारेकऱ्यांना शिकवलं, हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना शिकवलं, प्राध्यापकांनासुद्धा खुर्च्यांचं रिंगण करून बसवलं. त्यांची बोलण्याची तऱ्हाही ठरलेली. सगळ्या वाक्यांत कुठंतरी ‘जागा’ यायची; मोकळी जागा, सुरक्षित जागा, आपल्या सगळ्यांची जागा. ऐकणाऱ्याला वाटावं की पोरं घरं विकायला आली आहेत. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि खरं म्हणणं अशा भाषेत ऐकावं लागलं की माणूस दुप्पट चिडतो.

एके दिवशी शिडीनं काउंटरशेजारच्या भिंतीवर एक पोस्टर लावलं. ‘टोपणनाव ठेवण्याआधी माझं नाव विचारा.’ दुपारपर्यंत मावशीनं त्यावर ओलं फडकं वाळत घातलं होतं.

“मावशी, ते फडकं काढा,” शिडी म्हणाली.

“का गं? फडकं वेगळं दिसतं म्हणून? वेगळ्याला तुमच्यात जागा असते ना?”

रांग हसली. शिडी हसली नाही. मावशीला ते प्रथमच दिसलं, आणि त्याचा तिला राग आला.

“तुम्ही मला शिडी म्हणता ते मला आवडत नाही. कधीच आवडलं नव्हतं.”

“मग इतके दिवस दात कशाला काढत होतीस?”

“तुम्ही अजून मोठ्यानं ओरडाल म्हणून.”

“बाई बाई बाई! एवढीशी पोर, आणि तोंड बघा. चहात साखर घालू का तीही घटनेला धरून असावी लागेल?”

तिथून युद्ध पेटलं. पोरं छातीवर नावांच्या पट्ट्या लावून येऊ लागली. मावशी म्हणायची, “माझा चष्मा घरी राहिला.” मंचानं पत्रक वाटलं. मावशीनं त्यात पाव गुंडाळून दिले. मग तिनं नवीनच काढलं. ‘माननीय’. “माननीय उंच बाई, आपली कॉफी! माननीय निळे सदरेवाले, आपला टोस्ट करपला, क्षमा असावी!” आणि टोस्ट खरोखर करपलेला असायचा. तिकडे पोरं तिच्याशी बोलेनाशी झाली. काय हवं ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पुढं सरकवायची आणि छताकडे बघत उभी राहायची. मावशी चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवायची, पण समोरून उत्तर येत नसेल तर टोमणाही फार लांब जात नाही. दिवस संपेपर्यंत तिचा घसा बसण्याऐवजी मोकळाच राहू लागला. तिला ते फार लागलं, आणि लागलं म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी आणखी चार टोस्ट करपवले.

शेवटी कँटीनच्या मालकानं तिला बाजूला घेतलं. मालक म्हणजे कँटीनचा ठेका घेतलेला गृहस्थ; भांडण दिसलं की काढता पाय घेणारा.

“मावशी, ठेक्याचं वर्ष संपतंय. वरून सांगितलंय की कँटीनच्या लोकांनी पोरांच्या सेशनला बसायचं. आणि काउंटरवर कोण बसेल हे पोरांना विचारून ठरवायचं.”

“पोरांना विचारून? उद्या पोरांना विचारून श्वास घ्यायचा?”

“ऐकून तर घ्या. ज्यानं तक्रार केलीय तो शेवटी रिंगणात सांगणार. त्याचं समाधान झालं तर तुम्ही इथंच. नाहीतर मागं भांड्यांवर. कामावरून कुणी काढत नाही तुम्हाला, पगारही तोच.”

मागं म्हणजे तव्याच्याही मागं, जाड दाराआडची खोली. तिथं भांडी धुण्याचं यंत्र होतं. ते सुरू झालं की जमीन हादरायची, वाफेनं माणसाला माणूस दिसायचं नाही, आणि तिथल्या दोघी बाया कानात बोळे घालून दिवसभर एकमेकींना खुणा करायच्या. तिथं बोललेलं बोलणाऱ्यालासुद्धा ऐकू जात नसे.

“तक्रार कुणाची? शिडीची?”

“नाही. तो अडखळतो बघा, त्याची.”

“हँडलची?” मावशीला खरंच वाटेना. “अरे, त्याला तर मी... ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! रांगेत त्याला कुणी उभं केलं असतं का माझ्यावाचून?”

मालक घड्याळ बघत निघाला. तो निघून गेल्यावरही मावशी बराच वेळ आचाऱ्याला ऐकवत राहिली आणि आचारी अंडी फोडत राहिला.

सेशन एका रिकाम्या वर्गात होतं. बाकं भिंतीला लावून खुर्च्यांचं रिंगण केलेलं. मावशी, आचारी, शिडी, हँडल, आणखी काही निळे सदरे, आणि दारापाशी पळायच्या बेतात मालक. रिंगणाचा नियम असा, की एक टेनिसचा चेंडू असतो. तो ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही.

“बालवाडी आहे का ही?” मावशी म्हणाली.

“मावशी, चेंडू तुमच्याकडे नाहीये,” शिडी म्हणाली.

चेंडू फिरला. कुणी काय, कुणी काय बोललं. डांबर म्हणवली जाणारी मुलगी म्हणाली की ती आता डबा आणते आणि जिन्यात बसून खाते. मावशीनं खिडकीबाहेर बघितलं. मग चेंडू हँडलकडे आला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, मान वळली, डोळे मिटले.

“मा... मावशी मला बो... बो...”

सगळे थांबले. भिंतीवरचा पंखा तेवढा फिरत होता. पोराच्या मानेची शीर ताठ झाली होती. शिडीला ते बघवेना. पोर मनानं चांगली होती, आणि असल्या चांगल्या मनालाच खरं भ्यायला हवं.

“त्याला म्हणायचंय की मावशी त्याला बोलू देत नाहीत,” ती हळूच म्हणाली.

मावशी खुर्चीतून जवळजवळ उठलीच. “बघा! बघा! हिनं केलं ते काय? मी केलं की पाप आणि ताईसाहेबांनी केलं की मंच! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!”

शिडी कानापर्यंत लाल झाली. मावशीला त्या क्षणी जेवढा आनंद झाला तेवढा तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तिनं हँडलकडे बघितलं, आता आपण दोघं एका बाजूला, अशा नजरेनं. पोरगा दोघींकडेही सारख्याच तिरस्कारानं बघत होता.

“तू प... पण गप्प बस,” तो शिडीला म्हणाला. मग मावशीकडे वळला. “मला अं... अंडं आवडत नाही.”

“काय?”

“ऑ... ऑम्लेट. दोन वर्षं. मला वा... वासानं म... मळमळतं. मी ते खा... खात होतो.”

“अरे, मग सांगायचं होतंस!” मावशी म्हणाली.

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. आपण बोललो त्यात काहीतरी चुकलं हे तिला कळत होतं, काय ते कळायच्या आत भरून काढायला हवं होतं, आणि भरून काढायला तिच्याकडे एकच गोष्ट होती, आणखी बोलणं. चेंडू नसताना ती बोलत सुटली.

“तुम्हाला काय माहीत रे? माझ्या नवऱ्याची वाचा गेली होती. अंथरुणाला खिळलेला माणूस. मी त्याचा शब्दन् शब्द पुरा केला. त्याच्या नुसत्या ओठांवरून मला कळायचं काय हवंय ते. वर्षानुवर्षं केलं. त्यानं कधी, एकदाही, तक्रार केली नाही!”

हँडलनं डोळे मिटले. शब्द यायला वेळ लागला. या वेळी शिडीनं ओठ दाताखाली धरले होते.

“त... तक्रार करता ये... येत होती का त्यांना?”

मावशीनं त्याच्याकडे बघितलं. कुणी कानफटात मारली असती तर तिनं दोन परत दिल्या असत्या. हे तिला परत देता येईना. तिनं पर्स उचलली आणि चेंडू, रिंगण, मालक, सगळ्यांच्या मधून ती चालत बाहेर गेली. त्या पोराचा तिला भयंकर राग आला होता. मेल्या, माझ्या घरात शिरलास, माझ्या माणसाच्या उशाशी जाऊन बसलास. रात्री जेवण गेलं नाही. तो कप का फेकला होता, काय मागत होता तो त्या दिवशी, हे तिनं आठवून पाहिलं. आठवेना. तिनं विचारलंच कुठं होतं?

शेवटचं रिंगण पुढच्या आठवड्यात होतं. मावशीनं ठरवलं की पोरांना त्यांच्याच खेळात हरवायचं. गप्पच बसायचं ना? बसते. बघते कोण काढतं काउंटरवरून. तिनं पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या आणि एक कायम गालात ठेवू लागली. गोळी विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिल्या दिवशी तिनं गोळ्या चावून चावून अर्धी पुडी संपवली. आचाऱ्यानं विचारलं, “दाढ दुखतेय का?” तिनं मान हलवली, आणि आचाऱ्याला एवढं मोठं सुख सोसेना, त्यानं बाहेर जाऊन आकाशाकडे बघितलं.

माननीय बंद झालं. शिडीला ती “हं, बोल” म्हणू लागली. पोस्टरवरचं फडकं निघालं. पोरांना वाटलं काही दगाफटका आहे, आणि तसं ते चुकीचंही नव्हतं.

मग एका दुपारी, ऐन गर्दीत, हँडल रांगेत आला. चिठ्ठी न घेता. काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला आणि तोंड उघडलं.

“म... म... म...”

मावशीच्या जिभेवर नेहमीचं आलं होतं. गोळी तिनं गालात घट्ट दाबली. पोराची मान वळली. मागून कुणीतरी सुस्कारा टाकला. आणखी मागून एका प्राध्यापकांचा आवाज आला, “अहो, काय चाललंय? आम्हाला तास आहेत. याला लिहून द्यायला सांगा ना!”

मावशी स्टुलावर उभीच राहिली. “तो बोलतोय!” ती अशी ओरडली की तव्यावरचं पाणी उडावं. “दिसत नाही? तो बोलतोय अजून!”

रांग चिडीचूप. पोरानं सगळा वेळ घेतला. “मला सू... सूप. आणि पा... पाव. लोणी न... नको.” सूप घेऊन तो गेला. आभार मानले नाहीत, वळूनही बघितलं नाही. पण मावशीच्या अंगात एकदम बळ आलं. जिंकलं, तिला वाटलं. अख्ख्या रांगेसमोर त्याच्या बाजूनं उभी राहिले, आता याहून काय हवं? संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा तिनं त्यालाही सांगितलं की काउंटर कुठं जात नाही. “बरं आई,” तो म्हणाला.

शेवटच्या रिंगणात ती इस्त्रीची साडी नेसून गेली. गालात गोळी होतीच. चेंडू फिरला. शिडीनं मागच्या वेळेबद्दल हँडलची माफी मागितली, जरा लांबण लावून पण मागितली. मावशीच्या मनात आलं, पोरगी नाटकी आहे. आपल्यालाही काही मागायचं आहे हे काही तिच्या मनात आलं नाही. गप्प बसून दाखवलं होतं, ओरडून दाखवलं होतं. आता पावती मिळायची तेवढी बाकी होती.

चेंडू हँडलच्या हातात गेला. मालक दारातून दोन पावलं आत आला.

“मा... मावशींनी,” पोरगा म्हणाला, “काउंटरवर...”

तो अडला. मान वळली. मावशीला पुढचा शब्द दिसत होता, उजेडात ठेवलेल्या कपासारखा. राहावं. राहावं असं मला वाटतं. नुसता पुढं सरकवायचा. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबले आणि थांबली. आयुष्यात ती कुणासाठी एवढी थांबली नव्हती. सगळे थांबले होते.

“...रा... राहावं,” तो म्हणाला. मावशीचा श्वास सुटला. पण त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. “असं मला वा... वाटत...”

पंख्याचा आवाज येत होता.

“...नाही.”

त्यानं डोळे उघडले आणि थेट तिच्याकडे बघितलं. त्याला अजून बोलायचं होतं आणि तो बोलला, तुटत तुटत, एकेका शब्दाला घाम गाळत. त्या दिवशी त्या माझ्यासाठी ओरडल्या नाहीत, तो म्हणाला. काउंटरसाठी ओरडल्या. या आठवड्यात त्या गप्प बसल्या त्या दात दाबून. मला ते दिसत होतं. मी समोर असताना मला काय हवंय हे त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही. आणि रोज सकाळी ते स्टूल दिसलं की मला दारातूनच परत फिरावंसं वाटतं. अजूनही वाटतं. एवढंच. सगळं सांगून होईपर्यंत बराच वेळ गेला, आणि मावशीनं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं, कारण ऐकण्याशिवाय करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याच्या वाक्यांचा शेवट तिला ठाऊक असतो असं ती इतके दिवस समजत आली होती. यातला एकही शेवट तिला ठाऊक नव्हता.

चेंडू तिच्या हातात आला. नियमाप्रमाणे सगळे ऐकायला बसले.

“मी...” मावशी म्हणाली.

पुढचं काही येईना. रागानं बोलावं तर खोटं वाटत होतं आणि माफी मागावी तर तो पोरगा म्हणाला असता की हीसुद्धा काउंटरसाठीच. खरंच ती काउंटरसाठीच नव्हती का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती तोंड उघडं ठेवून बसली. कुणी मदतीला आलं नाही. शिडी तिच्याकडे बघत होती, हँडल बघत होता, आणि सगळे शहाण्यासारखे, नियमाप्रमाणे, गप्प होते. मावशीला त्या सगळ्यांचा मनापासून द्वेष वाटला. पेपरमिंट केव्हाच विरघळून गेलं होतं. शेवटी तिनं चेंडू शेजारच्या आचाऱ्याच्या मांडीवर ठेवला. आचाऱ्यानं तो घाबरून मालकाकडे दिला.

मालकानं घसा खाकरला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“तर मावशी, असं आहे की... म्हणजे उद्यापासून तुम्ही...”

तो तिच्याकडे बघेना. शब्द चाचपडत त्यानं चेंडू या हातातून त्या हातात घेतला.

“मागं. भांड्यांवर,” मावशी म्हणाली.

चेंडू तिच्या हातात नव्हता, पण नियमाची आठवण तिला कुणी करून दिली नाही.